पुराच्या रेघेवर पोतारा

माणसाला हेवा कशाचा वाटावा याला काही धरबंध असतो, अशी माझी समजूत होती. मग मला दादाच्या पडक्या घराचा हेवा वाटला.

दादा म्हणजे माझा थोरला चुलतभाऊ. गोष्ट निजामाच्या राज्यातली. झरीकडच्या आमच्या गावात दुधना नदीचं पाणी शिरलं आणि ओसरलं. दादाचं नि माझं घर शेजारी, मधे एक बोळ. त्याच्या घराची मागची भिंत पुरातच बसली, माझं घर मात्र उभं. मी छाती काढून गावभर फिरलो. भेटेल त्याला सांगायचो, "आपल्या भिंतीला काही होत न्हाई."

मग दवंडी फिरली. महसुलाचे गिरदावर साहेब पुराच्या नुकसानीचा अंदाज घ्यायला येणार. घर पडलेल्याला सरकारी जंगलातलं सागवान मिळणार. घर उभं असलं, पण पाण्याची रेघ कमरेच्या वर असली, तर त्यालाही मिळणार. माझ्या माळवदाच्या तुळया वाळवीनं खाल्लेल्या होत्या. डोक्यावर छप्पर टिकवायचं तर सागवान हवंच होतं. रेघ तर माझ्या भिंतीवर छातीपर्यंत होती. चिंता नव्हती.

चिंता वेगळीच लागली. साहेब दादाच्या ओसरीवर बसणार, चहा तिथंच होणार, असं कानावर आलं. पडक्या घरात चहा! मी बायकोला म्हणालो, "साहेब आपल्याकडं बसला पाहिजे. भिंती पोतारून घे."

आमच्याकडं मोठा पाहुणा यायचा म्हटलं की भिंतीला पांढऱ्या मातीचा पोतारा द्यायचीच रीत.

"अवं, भिंती वाळल्या न्हाईत अजून, आन् तुमी पोतारायला सांगायलाव?"

"दादाच्या घरापेक्षा उजळ दिसलं पाहिजे."

दिसलंही. साहेब आधी दादाच्या ढिगाऱ्यापाशी गेले. उरलेल्या भिंतीवरच्या रेघेला काठी लावून पाहिली, मान हलवली आणि खरोखर माझ्या ओसरीवर येऊन बसले. बशीतून चहा पिताना म्हणाले, "मकान बहुत साफ है. पानी किदर तक आया था?"

मी छातीवर हात ठेवला. साहेबांनी भिंतीकडं पाहिलं, मीही पाहिलं. दुधासारखी पांढरी. रेघ कुठंच नाही.

"निशान तो नै है."

मी दादाकडं पाहिलं. त्यानं साक्ष द्यायला तोंड उघडलं, तसा माझा जीव भांड्यात पडला.

"साहेब, आमच्या भावाच्या भिंतीला काही होत न्हाई," दादा म्हणाला. "पूर वसरल्यापासनं त्योच सांगायलाय सगळ्या गावाला."

साहेबांनी घर सलामत ठरवलं आणि बोरीकडं निघून गेले.

पुढं कडक ऊन पडलं. मातीची भिंत पाण्यात तग धरते आणि वाळताना आतून सुटते, हे दुधनाकाठच्या पोरालाही ठाऊक. साहेब होते दगडी घरांच्या मुलखातले. तिकडं पुरानंतर उभी राहिलेली भिंत उभीच राहते. माझी भिंत दुपारी जेवताना बसली, पोताऱ्यासकट, आणि वाळवीच्या तुळया तिच्यावर. आम्ही अंगणात होतो म्हणून वाचलो. बोरीला धावलो, तर साहेब म्हणाले, "मैंने तो अपनी आँखों से देखा, मियाँ." त्यांचं खोटं नव्हतं.

तो हिवाळा आम्ही दादाच्या घरात काढला, नव्या सागवानी तुळयांखाली. वहिनी माझ्या मुलांना आपल्या हातानं वाढायची. दादा आल्यागेल्याला मला दाखवून म्हणायचा, "ह्याच्या घरात पाणी आलंच न्हाई, बरं का." आणि माझ्या पानात भाकरीवर आणखी तूप घालायचा. त्याच्या घराचा हेवा होताच, आता त्याच्या मोठेपणाचाही वाटायला लागला.

उताणा पडून मी रोज वर बघायचो. लाकूड लय झकास होतं. दाराकडची एक तुळई मात्र जराशी वाकडी होती. कुणाला बोललो नाही, पण तिच्यावर नजर गेली की जरा बरं वाटायचं.