खालून कापलेली बातमी

माझी पहिली बातमी खालून कापली गेली आणि तिच्यातली बातमीच गेली. कुंभकोणममधून एका तमिळ दैनिकाला मी आसपासच्या गावांच्या बातम्या पाठवते. तेव्हा नुकतीच कामाला लागले होते. पट्टीश्वरमच्या एका गल्लीत नळाला गटाराचं पाणी येत होतं आणि घरोघरी मुलं जुलाबानं आजारी होती. फुलं विकणाऱ्या एका बाईनं मला दारोदार फिरवून सगळं दाखवलं. तिचा धाकटाही अंथरुणाला खिळला होता. पेपरात आलं तर कुणी तरी पाइप बघायला येईल, एवढीच तिची आशा होती.

मी लिहिलं ते आमच्या घरच्या रीतीनं. आम्ही तंजावरकडचे मराठी. वाईट गोष्ट आल्या आल्या सांगायची नाही. आधी क्षेमकुशल, मग कॉफी, आणि काय झालं ते सगळ्यांत शेवटी. म्हणून मी आधी देऊळ लिहिलं, मग गावातली नवी टाकी, आणि मुलांचं आजारपण शेवटच्या चार ओळींत. जागा कमी पडली की उपसंपादक बातमी खालून कापतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. छापून आलं ते एवढंच, की गावाला नवी टाकी मिळाली. फुलवालीनं मला पाहून पाठ फिरवली. बरोबरच केलं तिनं.

उपसंपादकांनी हसून आणखी एक संधी दिली, दहा ओळींची. मग रोज सकाळी मी वडिलांच्या, म्हणजे अप्पांच्या, हातातला पेपर ओढून घेऊ लागले. बातमीच्या तळाशी तळहात ठेवायचा, एकेक ओळ झाकत वर जायचं आणि काय उरतं ते पाहायचं. काही बातम्या एका वाक्यावरही उभ्या राहत. काही माझ्यासारख्याच कोसळत. त्या वाचून जरा धीर यायचा.

आठवड्यानं मी अप्पांना नवं पहिलं वाक्य वाचून दाखवलं: "पट्टीश्वरमच्या एका गल्लीत गटाराचं पाणी पिऊन घरोघरची मुलं आजारी पडली आहेत."

अप्पा दचकले. "अगे, एकदम असें सांगतात काय? माणसास बसूं तरी दे."

मी तसंच पाठवलं. त्या दिवशी सोनाराची मोठी जाहिरात आली आणि माझं तेवढं एकच वाक्य छापलं गेलं. चौथ्या दिवशी गल्ली खणून फुटका पाइप बदलला.

'पाणी स्वच्छ झालं' असं लिहायला मी पुन्हा गेले. धाकटा दारात खेळत होता. फुलवालीनं नळाखाली टंबलर भरला आणि माझ्यापुढे धरला. माझा हात पिशवीतल्या बाटलीकडे गेला होता. तिनं ते पाहिलं.

"आम्ही पितो आहोत," ती तमिळमध्ये म्हणाली.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. टंबलर घेऊन मी तिच्यासमोर शेवटपर्यंत प्याले, आणि मगच वही काढली.