वळण्याआधीचा थांबा

आमच्या हिला ब्लॅक बेल्ट मिळाला तेव्हा फ्लेक्स मीच लावला. तालमीच्या चौकात, माणसाएवढा उंच. फोटोत ही मुठी आवळून उभी आणि खाली शुभेच्छुक म्हणून गल्लीतल्या झाडून सगळ्यांची नावं. कोल्हापुरात एवढं केल्याशिवाय काही घडलंय असं कुणी धरत नाही. फेटा झाला, नारळ झाला, मिसळ झाली. मला वाटलं, सुटलो. आता संध्याकाळी ही घरी असेल आणि मला गरम भाकरी मिळेल.

माझी बायको संयोगिता पहाटे उठून दूध संस्थेत जाते. सकाळी दूध घालायला लोक येतात, त्याची फॅट ती तपासते. तासन्‌तास गार फरशीवर उभं राहून उजवा गुडघा गेला. कराटेचं खूळ चाळिशीला लागलं. आमच्या सईला क्लासला सोडायला जायची. लेकीनं दोन महिन्यांत क्लास सोडला, आई चिकटली ती चिकटलीच. बेल्ट मिळाल्यापासून फॅट कमी लागली तरी संस्थेत कुणी हुज्जत घालत नाही. "म्याडमच्या नादाला कोण लागतंय," म्हणतात आणि किटली उचलून चालू लागतात.

ती घरी बसली नाहीच. क्लासच्या धैर्यशील सरांनी तिच्याकडं नवी पोरं सोपवली. त्यांच्याकडं रीत अशी, की ज्याचा पट्टा वरचा तो सगळ्यांत पुढं उभा राहतो आणि मागचे त्याच्याकडं बघून शिकतात. ही पुढं आणि मागं हिच्या पाठीला डोळे लावून उभी राहिलेली पोरं. काता म्हणजे ठरलेल्या क्रमानं करायचे वार आणि बचाव. तो काता ती रोज करून दाखवायची, घरी येऊन गुडघ्याला तेल चोळायची आणि ताटावरच पेंगायची.

"गावला न्हवं बेल्ट? मग आता कशापायी मरतीयास?" मी विचारायचो.

भांडायचंसुद्धा त्राण उरायचं नाही तिच्यात, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटायचं.

दिवाळीआधी पोरांची पिवळ्या पट्ट्याची परीक्षा झाली. परीक्षक बाहेरगावचे होते. पहिलं पोरगं काता करता करता मागं वळायच्या आधी क्षणभर थांबलं, उजवा पाय जरासा उचलून. दुसऱ्यानंही तेच केलं. मग सगळ्यांनीच.

"हा थांबा कुणी शिकवला?" परीक्षकांनी विचारलं.

मोना नावाची चिमुरडी पोरगी छाती काढून म्हणाली, "आमच्या म्याडम असंच करत्यात की."

हॉलमध्ये हशा पिकला. संयोगिता हसली नाही. तो थांबा कातात नव्हताच. वळताना तिच्या गुडघ्यात कळ यायची म्हणून ती आधी पाय सावरून घ्यायची, आणि पोरांनी ते सावरणंसुद्धा इमानानं पाठ केलं होतं. सरांना ते दिसत होतं. पण ब्लॅक बेल्टवालीला पोरांसमोर टोकायचं कसं, म्हणून ते गप्प राहिले. पोरं नापास झाली.

स्कूटरवर मागं बसताना ती म्हणाली, "बास झालं. उद्यापास्नं न्हाई जायाचं." खोटं कशाला सांगू, मी मनातून खूश झालो.

दुसऱ्या दिवशी मात्र संध्याकाळी पाच वाजता ती पट्टा बांधायला लागली. मी नुसतं बघितलं तर म्हणाली, "पोरास्नी चुकीचं शिकवून तशीच घरात बसू व्हय?"

पोरांचा थांबा आठवड्यात गेला. कोवळी हाडं ती. हिचा काही जाईना. हाडाच्या डॉक्टरनं सांगितलेले व्यायाम केले, पट्टी गुंडाळली, तरी वळायची वेळ आली की पाय आपला अडतोय. शेवटी तिनं पोरांना समोर बसवलं, त्यांच्यापुढं काता करायला लागली आणि मोनाला बजावलं, मी थांबले की ओरडायचं.

हे मला ठाऊक नव्हतं. मी तिला आणायला गेलो तेव्हा दारात पोरांचे आईबाप उभे होते आणि आत पोरगी खणखणीत आवाजात म्हणत होती, "म्याडम, थांबलासा."

संयोगिता पहिल्या जागेवर गेली. पुन्हा सुरुवात.

"परत थांबलासा."

लोकं बघत होती. माझं डोकं फिरलं. "ए पोरी, मोठ्या माणसाला असं बोलत्यात व्हय?" मी दारातनंच दरडावलं.

मोना एवढंसं तोंड करून बसली. संयोगिता माझ्याजवळ आली. घामानं निथळत होती, धाप आवरत नव्हती.

"तिला गप करू नकासा," ती हळू म्हणाली. "सर सांगत न्हाईत, तुम्ही सांगत न्हाईसा. मला सांगणारं एवढं एकच माणूस हाय."

ती गुडघा चोळत परत पहिल्या जागेवर जाऊन उभी राहिली. मोना माझ्याकडं बघत होती, बोलू का नको म्हणून. मी मानेनंच 'बोल' म्हटलं. संयोगिता वळायला गेली, थांबली, आणि पोरगी हॉल दणाणून टाकत ओरडली.