पहिली खेप

निपाणीच्या बाजारात आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, तंबाखू न उघडता घेतला जाई. तंबाखू भरून तोंड बांधलेल्या मोठ्या पोत्याला आमच्याकडे बोद म्हणतात. इतरांच्या बोदांची गाठ सोडून व्यापारी आत हात घालायचा, चुरगळून वास घ्यायचा. आप्पांचे बोद नुसते मोजून घ्यायचा. आप्पांना अक्षर येत नव्हतं. मी बी.ए.पर्यंत शिकलो तो त्या न सोडलेल्या गाठींवर, हे मी कधी विसरलो नाही.

दुसरं महायुद्ध संपल्यावर माझ्या मामाने बेळगावच्या कॅम्पातल्या लिलावात एक छोटी लष्करी लॉरी घेतली. पुढे तिघांची बैठक, मागे उघडा हौदा. गाडी धडधाकट होती. तिला माल वाहू दिला असता तर तिने मामाचं भलं केलं असतं. पण मामाला माल वाहायचा नव्हता, मिरवायचं होतं. त्याने एकाऐवजी तीन भोंगे बसवले. दिवे वाढवले. दोन्ही बाजूंना आरसे लावले, त्यांत रस्ता कमी आणि मामाच्या मिशा जास्त दिसत. शहापूरच्या विणकराकडून लुगड्याचे जरीकाठ आणून खिडक्यांना पडदे केले. शेवटी हौद्याच्या आतल्या फळ्यांनाही निळा तेलरंग दिला. जिथे फक्त पोती बसायची तिथेही चकाकी हवी, एवढीच त्या माणसाची अक्कल. ब्रेक मात्र लष्कराने सोडले तसेच राहिले.

नव्या गाडीची पहिली खेप बहिणीच्या घरची असावी, असा मामाचा हट्ट. मी तेव्हा उन्हाळ्याच्या सुट्टीत घरी होतो. आप्पांनी फळीवर बोट टेकवलं, ते चिकटलं. रंग वाळू दे, आम्ही बैलगाडीने जातो, असं ते म्हणाले.

"दाजी, बैलगाडीचं दिवस गेलं आता," मामा म्हणाला. "आणि भणीच्या घरचा मुहूर्त मोडायचा व्हय?"

आई दारात उभी होती. तिच्याकडे बघून आप्पांनी बोद चढवायला सांगितले.

तंबाखू शेजारच्या वस्तूचा वास ओढून घेतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. ताडपत्रीखाली, रणरणत्या उन्हात, ओल्या रंगावर आमचा वर्षाचा माल निघाला. चिकोडीच्या पुढे मामालाही रंगाचा दर्प आला. त्याने गाडी थांबवली आणि मुहूर्तासाठी आणलेलं गुलाबपाणी सगळ्या बोदांवर शिंपडलं. मग तिन्ही भोंगे वाजवत आम्ही निपाणीत शिरलो.

व्यापारी हसतमुखाने पुढे आला आणि हौद्यापाशी थबकला. पहिल्यांदाच त्याने आमचा बोद सोडला. चिमूट नाकाशी नेली.

"आप्पा, माल तुमचाच हाय," तो हळूच म्हणाला. "पण वास लग्नाच्या मांडवाचा यायलाय. ह्येची विडी कोण वढील?"

"वास चांगलाच हाय की," मामा म्हणाला.

आप्पांनी सोडलेली गाठ पुन्हा बांधली. माल परत आला. शेतात उघड्या हवेवर पसरून ठेवला तेव्हा गुलाब गेला, रंग राहिला. अखेर एक तपकीरवाला पडेल भावाने घेऊन गेला. मामाने सगळा दोष आमच्या बोदांच्या गोणपाटाला दिला आणि गाडीच्या नाकावर पितळी गरुड बसवून घेतला.

पुढच्या वर्षी आम्ही बैलगाडीने गेलो. व्यापाऱ्याने बोद मोजले, पण उचलायला सांगेना.

"राग मानू नगा आप्पा," तो म्हणाला. "एक सोडून बघतो."

आप्पांनीच वाकून गाठ सोडली. पान नेहमीसारखंच होतं. सगळा माल विकला गेला. पण तेव्हापासून दर वर्षी एक बोद सुटू लागला.

घरी आल्यावर आईने विचारलं, व्यापारी काय म्हणाला. आप्पा पाय धूत होते.

"घेतला माल," ते म्हणाले. गाठीचं त्यांनी तिला सांगितलं नाही. भाऊ तिचा होता.