तळ्याकाठी राहिलेला श्वास

बाबा जळगावहून आमच्याकडे अमेरिकेत, ईडन प्रेरीला आले ते ऐन जानेवारीत. उन्हाळ्यात या, असं सगळ्यांनी सांगितलं होतं. पण उभी हयात पाटबंधारे खात्यात घालवलेल्या माणसाला गोठलेलं तळं बघायचं होतं. घरामागच्या तळ्यावर लोक बर्फाला भोकं पाडून, खुर्च्या टाकून मासे धरत बसायचे. बाबा रोज त्यांच्यात फिरून यायचे आणि आज बर्फ किती जाड आहे ते मला जेवताना सांगायचे.

मार्चमध्ये काठाचा बर्फ आधी सुटतो, हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मीही नाही. एका सकाळी काठाशी बर्फ फुटून ते कमरेपर्यंत पाण्यात गेले. कुत्रा फिरवायला आलेल्या एका माणसानं त्यांना ओढून काढलं. हॉस्पिटलमध्ये सगळे रिपोर्ट नॉर्मल आले. साधं खरचटलंही नव्हतं.

पण त्या दिवसापासून बाबा बोलेनासे झाले. खिडकीपाशी बसायचे, पण बाहेर बघायचे नाहीत. वाढलेलं ताट तसंच राहायचं. "आजोबा इज नॉट हिअर, आई," माझी मुलगी एकदा हळूच म्हणाली. डॉक्टरांनी नैराश्यावरच्या गोळ्या लिहून दिल्या. त्या सुरू केल्या.

आमच्या ऑफिसच्या कॅफेटेरियात एक बाई काम करायच्या. मेक्सिकोतल्या वाहाका भागातल्या, डोंगरातल्या झापोटेक जमातीच्या. स्पॅनिश त्या शाळेत शिकल्या आणि इंग्रजी इथे येऊन. मिरच्यांवरून आमची ओळख झाली होती. मनातल्या मनात मी त्यांना मावशी म्हणायचे. डबा न उघडता मी नुसतीच बसलेली बघून त्यांनी विचारलं, म्हणून मी सगळं सांगितलं.

"मग तळ्यावर परत कोण गेलं?" त्या म्हणाल्या.

"कशाला?"

"ते घाबरले तेव्हा त्यांचा श्वास तिथं पडला. तो आणायला कुणी गेलं का?"

त्यांच्या मोडक्या इंग्रजीतून मला कळलं ते असं. त्यांचे पूर्वज मानत, की जे जे हलतं त्यात एक श्वास असतो. वाऱ्यात, नदीत, विजेत, पेल्यातल्या कोकोच्या फेसातसुद्धा. माणूस फार दचकला की तो निसटतो आणि जमीन ठेवून घेते. जमिनीला धनी असतो. त्याच्याकडे तो परत मागावा लागतो. "माझी आजी मागायची," त्या म्हणाल्या. "मी फक्त बघितलंय."

आई दृष्ट काढायची तेव्हा हसणारी मी. तरी विचारलं, "रविवारी याल?"

रविवारी सकाळी त्या तुळशीसारख्या पाल्याची जुडी आणि थर्मासमध्ये कोको घेऊन आल्या. बाबांना आम्ही हात धरून काठावरच्या बाकावर बसवलं. ते आले, जसे कुठेही आले असते तसे. मावशींनी बर्फ बाजूला सारून माती मोकळी केली, तिच्यावर कोको ओतला आणि आपल्या भाषेत बराच वेळ बोलत राहिल्या. त्यात आर्जव होतं, थोडी घासाघीसही असावी. मग पाल्यानं जमिनीवर फटके मारत मला म्हणाल्या, "आता बोलाव."

"बाबा, या. घरी चला."

मावशींनी नाही अशी मान हलवली. "बाबा नको. बाबा तर सगळ्यांचेच असतात. नावानं बोलाव."

व्हिसाच्या, इन्शुरन्सच्या फॉर्मवर ते नाव मी कितीदा लिहिलं होतं. पण वडिलांना नावानं हाक? जीभ उचलेना. पहिली हाक मलाच ऐकू आली नाही. दुसरी जरा मोठी. तिसरी मी तळ्याच्या पार पलीकडे जाईल अशी मारली, आणि मारता मारता मला रडू फुटलं.

बाबांनी वळून बघितलं. "अगं, केवढ्यानं ओरडतेस," ते म्हणाले. अकरा दिवसांनी.

त्या दुपारी त्यांनी वरणभात मागून खाल्ला. मग पुन्हा दोन दिवस गप्प. सुधारायला महिनाभर लागला. गोळ्या चालू होत्याच, त्यामुळे गुण कशाचा ते मला सांगता येणार नाही. एकदा मात्र चहा पिताना ते आपणहून म्हणाले, "आत गेलो तेव्हा थंडी वाजलीच नाही बघ. तो माणूस 'सर, सर' करत होता. वाटलं, इथं कुणाला आपलं नावही माहीत नाही. मेलो तर हे कोण म्हणून लिहितील?"

ते मी मावशींना सांगितलं, आणि बोलता बोलता विचारून बसले, "तुमचा श्वास कधी राहिला का कुठं?"

त्या ट्रे पुसत होत्या. "राहिला ना. येताना, सीमेवरच्या नदीत. रात्र होती आणि पाणी छातीपर्यंत होतं."

"मग आणला नाहीत?"

"तिकडे गेले तर पुन्हा इकडे कशी येणार? आई गेली तेव्हाही गेले नाही."

"मी जाऊ का?" मी म्हटलं. तेव्हा ते मनापासून म्हटलं होतं.

त्यांनी माझ्या हातावर ओला हात ठेवला. "घरच्यांनी हाक मारायची असते," त्या म्हणाल्या आणि पुढचा ट्रे उचलला.

बाबा मे महिन्यात जळगावला परत गेले. ठीक आहेत. मावशी पुढच्या हिवाळ्याआधी बहिणीकडे दुसऱ्या राज्यात गेल्या. शेवटच्या दिवशी मी नेमकी रजेवर होते. त्या नदीकडे मी कधी गेले नाही.