कानाला लावलेला कॅमेरा

"थांबा, त्याले बोलू द्या," असं म्हणून काका जुना कॅमेरा कानाला लावायचे, डोळे मिटायचे आणि बटण दाबायचे. बाजारात टरबुजावर टिचक्या मारणारी माणसं तुम्ही पाहिली असतील. अगदी तसंच.

दिग्रसच्या स्टँडमागे त्यांचा फोटो स्टुडिओ होता. जुना कॅमेरा घेताना आतलं शटर किती झिजलंय, हे पाहावं लागतं. त्यानं आजवर किती फोटो काढले, ते कॉम्प्युटरला जोडलं की कळतं. पण आम्ही सगळे फोटोवाले काकांच्या कानावर विसंबून.

"आकडा वय सांगते," ते म्हणायचे, "पण खोकला लपते काय?"

तांड्यावरची सपना आली तेव्हा मी तिथंच चहा पीत होतो. लग्नाचे फोटो काढीन म्हणून ती घरच्यांशी भांडून आली होती. विकत घ्यायच्या आधी पारखायला तिनं आणलेला जुना कॅमेरा काकांनी बराच वेळ कानाला लावला. म्हणाले, "घे पोरी. खणखणीत हाय."

पहिल्याच लग्नात, ऐन फेऱ्यांच्या वेळी शटर अडकलं. फेरे काही पुन्हा घेत नाहीत. तांडा तिच्यावर हसला आणि घरच्यांनी तिला कापूस वेचायला पाठवलं.

मला चेष्टेची भारी खोड. मी काकांना म्हणालो, "खोकला आयकू नाही आला काय, काका?"

"काय म्हणता?"

मी पुन्हा, मोठ्यानं म्हणालो. ते माझ्या ओठांकडे बघत होते.

"मले आयकू येत नाही, भाऊ," ते हळूच म्हणाले. "वरातीत डीजेच्या भोंग्यापुढं उभं राहूनच गेले कान. पण तुम्ही मान देऊन राह्यले होते. कसं सांगू?"

जीभ हासडून टाकावीशी वाटली मला.

दुसऱ्या दिवशी मी त्यांना तांड्यावर घेऊन गेलो. तांड्याच्या प्रमुखासमोर, नायकासमोर, भरल्या चावडीत त्यांनी हात जोडले. "चूक पोरीची नाही. मी बहिरा हावो, अन् ते लपवलं. पुढचं लग्न तिलेच द्या."

मी जमिनीकडे बघत उभा होतो.

त्या लग्नात सपनाच्या हातात काकांचा स्वतःचा कॅमेरा होता आणि काका तिच्यामागे लाइट धरून उभे होते. आता स्टुडिओही नाही, काकाही नाहीत. मला मात्र तेच लग्न आठवतं. प्रत्येक फोटो निघाला की सपना वळून मान हलवायची. शटर नीट पडलं, एवढंच तिला सांगायचं असायचं. काका लाइट सरळ करायचे, पण तिच्या नजरेला नजर द्यायचे नाहीत.