गटाराच्या वरचा दगड

“म्हणजे उद्याही तू दगडापाशीच पाणी भरणार?”

“मग काय तुझ्या सासरी येऊन भरू?”

“ये की. आम्ही काय पितो ते तरी बघ.”

“मला बघायला नेमलेलं नाही. भरायला नेमलंय.”

स्वयंपाकघरात मायलेकींची जुंपली होती. आई मोरीपाशी काचेची बाटली विसळत होती आणि सहा महिन्यांनी माहेरी आलेली मुलगी चौकटीला टेकून तिच्या पाठीशी भांडत होती. पाठ फिरवून भांडण्यात आई तरबेज होती.

“पोराच्या अंगावर फोड उठलेत. गटाराच्या खाली नदीकाठी आमचं गाव, तिथे निम्म्या घरांत तेच चाललंय. डॉक्टर म्हणतात पाणी बदला. नवरा म्हणतो, तुझ्या आईच्या कागदावर तर नदी स्वच्छ आहे. काय सांगू त्याला?”

“सांग, नियमाने भरलेलं पाणी आहे.”

“नियम काय तुझा सासरा आहे, समोर आला की मान खाली घालतेस?”

आईने बाटली उजेडात धरून पाहिली. डाग नव्हता. डाग कधीच नसायचा.

ही आई म्हणजे आमच्या गावाची बाटलीबाई. नवीन माणसाला नाव ऐकून भलतीच शंका येते, म्हणून सांगते. एकोणीस वर्षांपूर्वी नदी संरक्षण कार्यालयाने तिला पाण्याचे नमुने घेण्यासाठी नेमलं. महिन्याचा पहिला शुक्रवार उजाडला की बाई नदीत गुडघाभर पाण्यात उतरते, बाटली नदीच्याच पाण्याने तीनदा खंगाळते, तोंड प्रवाहाकडे करून भरते, बूच लावते, चिठ्ठी चिकटवते. एकोणीस वर्षांत एक शुक्रवार चुकलेला नाही. मुलीचं लग्न शुक्रवारी ठरलं तेव्हा बाई आधी नदीवर गेली, मग मांडवात आली, आणि व्याह्यांनी ओले पाय पाहिले तर म्हणाली, “सरकारी काम आहे.” ती घाबरट नव्हती, लबाड तर नव्हतीच. आज्ञाधारक होती. आणि आज्ञाधारक माणसाला आमच्याकडे प्रामाणिक म्हणायची पद्धत आहे.

पाणी कुठे भरायचं ते दाखवायला काठावर पांढरा रंग दिलेला दगड होता. गावाचं मोठं गटार नदीला मिळतं तिथून शंभर पावलं खाली. तिथलं पाणी इतकं घाण निघायचं की शेवटी वरच्या साहेबांना लाज वाटली आणि गटाराचं पाणी शुद्ध करण्याचं केंद्र मंजूर झालं. जागा ठरली, खुंट्या ठोकल्या.

एवढ्यात ग्रामविकास कार्यालयाला वाटलं, आपणही नदीचं काहीतरी करावं. त्यांनी काठाने फरशीची पायवाट केली आणि बाकं बसवली. गटाराकडे तोंड करून बसवली, म्हणजे गावकऱ्यांना विकास नीट दिसावा. एका बाकाच्या जागेत तो दगड येत होता. गवंड्याने देखरेख करणाऱ्याला विचारलं, याचं काय करू? तो म्हणाला, लाव कुठेतरी नीट. गवंडी हौशी माणूस. त्याने पायवाटेच्या सुरुवातीला, कमानीशेजारी, शोभेल असा दगड रोवला. गटाराच्या वर तीनशे पावलं.

त्याच्या पुढच्या शुक्रवारी नदी स्वच्छ झाली.

गटार होतं तसंच वाहत होतं. फेसही होता, वासही होता. पण कागदावर पाणी इतकं निर्मळ की संरक्षणवाल्या साहेबांनी पत्रक काढलं: आमच्या जनजागृतीचं फळ. ग्रामविकासवाले चिडले. त्यांचं म्हणणं, पायवाटेमुळे लोकांना नदीविषयी आपुलकी वाटू लागली. गावसमितीच्या सभेत दोन्ही कार्यालयांचे साहेब तासभर एकमेकांच्या उरावर बसले आणि मध्ये आमचे अध्यक्ष, दोन्हीकडे मान डोलवत. इतर गावांची माणसं हा चमत्कार बघायला आली. रुमाल नाकाला लावून त्यांनी टिपणं घेतली.

बाईला दगड हललेला कळला होता. पहिल्याच महिन्यात तिने नमुन्याच्या कागदावर शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं: दगड गटाराच्या वर आला आहे. साहेबांनी बोलावून घेतलं.

“बाई, शेऱ्याचा रकाना कशासाठी असतो?”

“शेऱ्यासाठी, साहेब.”

“हवामानासाठी असतो.”

तेव्हापासून बाई हवामान लिहू लागली. ऊन. वारा बेताचा. अकरा महिने.

उद्याची बाटली बारावी होती. सलग वर्षभर पाणी स्वच्छ निघालं तर शुद्धीकरण केंद्राची गरज नाही असं ठरणार होतं. केंद्र रद्द, खुंट्या उपटायच्या, आणि त्या जागेवर पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वाहनतळ. अध्यक्षांनी नकाशासुद्धा काढून ठेवला होता.

“बाराव्या बाटलीनंतर आमच्याकडचं पाणी बघायला कोणी फिरकणार नाही, आई.”

“दगड मी हलवला का? मला दगडापाशी भरायला सांगितलंय, मी दगडापाशी भरते. उद्या दगड घाटावर नेला तर घाटावर भरीन.”

“आणि आपल्या मोरीत आणून ठेवला तर?”

“तोंड सांभाळून बोल.”

“बरं, सांभाळते. एवढंच सांग, तो नियम तू स्वतः वाचलायस का? की नुसता ऐकलायस?”

यावर आईने पहिल्यांदा वळून पाहिलं. मुलीने तोवर पिशवी उचलली होती. दुपारची गाडी चुकली असती.

नेमणुकीच्या वेळी मिळालेली पुस्तिका कपाटाचं दार आपोआप उघडू नये म्हणून फटीत खोचलेली होती. बाईने ती काढली. दार उघडलं ते उघडंच राहिलं. बाटली कशी धुवावी ती पानं तिला तोंडपाठ होती. त्यापुढची पानं एकमेकांना चिकटली होती, ती तिने सुरीने सोडवली. सतराव्या पानावर लिहिलं होतं की नमुना मुख्य सांडपाण्याच्या खाली शंभर पावलांवरच घ्यावा. जागा बदलली तर अधिकाऱ्याने कारण लिहून सही करावी. सही नसेल तर त्या जागेचे नमुने मोजणीत धरू नयेत.

बाईने ते तीनदा वाचलं, बाटली खंगाळावी तसं. म्हणजे अकरा महिने ती नियम मोडत होती. ती. जी मांडवात ओल्या पायांनी आली. नातवाच्या फोडांनी जे झालं नाही ते सतराव्या पानाने केलं. आता तिला कोणी दयाळू म्हणू नये म्हणून मी हे मुद्दाम लिहिते आहे. तिला राग आला होता, आणि तो पुस्तिकेच्या बाजूने आला होता.

शुक्रवारी सकाळी कमानीपाशी सगळे जमले. दोन्ही कार्यालयांचे साहेब, अध्यक्ष, फोटोवाला. दगडाला नवा रंग दिला होता. बाई आली, बाटली बाकावर ठेवली आणि शेजारी बसली.

“चला बाई, भरा,” संरक्षणवाले साहेब म्हणाले. “फोटो घ्यायचाय.”

“भरते. आधी एक सही.” तिने पुस्तिकेच्या शेवटी छापलेला जागाबदलाचा कागद पुढे केला. तिच्या अक्षरात सगळं भरलेलं होतं. फक्त कारण आणि सही कोरी.

“हे काय नवीन?”

“एकोणीस वर्षं जुनं आहे, साहेब. दगड हलला, त्याचं कारण तुम्ही लिहायचं.”

“दगड इथेच होता.”

“मग तसं लिहा. खाली सही करा.”

साहेबांनी ग्रामविकासवाल्यांकडे पाहिलं. ते पायवाटेची फरशी न्याहाळत म्हणाले, “आमचा संबंध नाही. आम्ही फक्त बाक बसवला.”

“गवंडी इथेच राहतो,” बाई म्हणाली. “बोलावू?”

गवंडी बोलवायची गरज नव्हती. गर्दीत उभाच होता. “मीच रोवला,” तो म्हणाला. “तिकडे घाण होती. इथे शोभतो.” त्याला अजून वाटत होतं की त्याचं कौतुक चाललंय.

अध्यक्ष वाकून, साखरेत घोळलेल्या आवाजात म्हणाले, “ताई, घरातलं भांडण घरात मिटवू. आज बाटली गेली नाही तर मोजणी पुन्हा पहिल्यापासून. वर्ष वाया जाईल गावाचं. कशाला हट्ट?”

“हट्ट कुठे? सही झाली की पाण्यात उतरते.”

“नाहीतर मी भरतो. आण इकडे बाटली.”

“तुमची नेमणूक आहे?”

अध्यक्षांचा पुढे आलेला हात हवेतच राहिला, मग तो त्यांनी केसांवरून फिरवला. फोटोवाल्याने हळूच विचारलं, थांबू की जाऊ.

साहेबांनी कागद हातात घेतला. खिशातलं पेन काढलं. ‘कारण’ या शब्दापुढे रिकाम्या दोन ओळी होत्या, त्यांवर पेनाचं टोक टेकवलं, पुन्हा उचललं. बाक बसवण्यासाठी, असं लिहावं तर आजवर सहीविना भरलेल्या अकरा बाटल्या जातात. दगड हललाच नाही, असं लिहावं तर गटार खाली वाहतंय, आणि ते तर आंधळ्यालाही वासाने सापडतं.

“साहेब,” बाई म्हणाली, “कोरा ठेवलात तरी चालेल. सही नसेल तर या जागेच्या बाटल्या मोजायच्या नाहीत, असं पुस्तिकेतच आहे. मला फक्त एवढं सांगा, बाटली भरू की नको?”

साहेबांनी पेनाला टोपण लावलं, कागद बाकावर उलटा ठेवला आणि कमानीखालून जीपकडे चालू लागले.