दुसरा गिअर

आमच्या घरात आजार आधी वस्तूंना होतो. बाबांची डावी चप्पल चालताना निसटायला लागली, तेव्हा आम्ही चपलेला नावं ठेवली. नवी आणली, तीही निसटली. मग बाबा घरातल्या घरात अडखळायला लागले, तर आईने फरशी वरखाली झालीय म्हणून गवंड्याला बोलावलं. शेवटी इंदूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की पायाच्या नसा मरत चालल्यात, यावर औषध नाही आणि हे मुलांकडेही जाऊ शकतं. परतीच्या वाटेवर आम्ही दोघं भाऊ रस्त्यातल्या खड्ड्यांवर तावातावाने बोलत होतो. बाबा पुढे कित्येक वर्षं गादीवर होते. डॉक्टरांचं ते शेवटचं वाक्य घरात पुन्हा कुणी काढलं नाही.

त्यामुळे धारहून दादाचा फोन आला तेव्हा मला आधी बरंच वाटलं. निदान मोटरसायकलबद्दल होता.

"दुसरा लगतच नाही रे," दादा म्हणाला. "पहिला पडतो. मग लिव्हर उचलायला गेलो की हलतच नाही. तू ये ना एखाद्या इतवारी. पण एक बात आधीच सांगतो, इंजन उतरवायचं नाही. एकदा इंजन खुललं की गाडी गेली समज."

दादा धारपासून बऱ्याच आतल्या एका गावात, खाजगी शाळेत शिकवतो. तिकडे वेळेवर पोचवणारी बस नाही. गाडी बंद म्हणजे नोकरी बंद. मी देवासला कारखान्यात मशिनींच्या गिअरबॉक्सची दुरुस्ती करतो, म्हणून घरात मी गिअरचा वैद्य.

इंजिन न उतरवता जेवढं बघता येतं, ते सगळं उजव्या बाजूच्या झाकणामागे असतं. त्यातली मुख्य म्हणजे लिव्हरला परत जागेवर आणणारी स्प्रिंग. ती तुटली की दादा सांगत होता तसंच होतं. खुद्द गिअर बघायचे असतील तर मात्र इंजिन उतरवून उघडावं लागतं. मी देवासहून निघताना नवी स्प्रिंग आणि झाकणाचं पॅकिंग घेतलं. ती स्प्रिंग तुटलेलीच असू दे, असं वाटेत दोनदा तरी मनात म्हटलं असेन.

कुठलाही मिस्त्री आधी गाडी चालवून बघतो. मी बघितली नाही. जरा चक्कर मारून ये, असं दादाही म्हणाला नाही.

पेट्रोल काढलं, बॅटरी काढली आणि ऑइल सांडू नये म्हणून गाडी डाव्या कुशीवर आडवी केली. खाली घालायला वहिनींनी आतून जुनी गादी आणून दिली. ती कुणाची होती हे तिघांनाही माहीत होतं. समोरचे शेजारी फाटकाशी थांबले.

"क्या भिया, गाडी को सुला दिया?"

"बीमार है," दादा म्हणाला, आणि दोघं हसले.

झाकण उघडलं, क्लच बाजूला काढला. स्प्रिंग शाबूत होती.

"टूटली आहे ना?" दादाने मागून विचारलं.

"ढिली पडलीय," मी म्हणालो. ढिली कसली, नव्यासारखी होती. दादाने ती माझ्या हातातून घेतली, बोटांत दाबून बघितली आणि खिशात टाकली. मी नवी बसवली.

गाडी उभी केल्यावर आधी तोच गेला. पहिल्या गिअरचा आवाज चढत चढत कोपऱ्यापर्यंत गेला आणि तसाच किंचाळत परत आला.

"नाही लगत," तो म्हणाला.

"बसल्या बसल्या टाकून दाखव," म्हणून मी लिव्हरजवळ उकिडवा बसलो. त्याच्या गाडीला लिव्हर पुढेच आहे, टाचेने दाबायला मागे काही नाही. दुसरा टाकायचा तर खाली पाय घालून पंजा वर उचलावा लागतो, आणि त्यामुळे डाव्या बुटाच्या वरच्या अंगाला काळा डाग पडतोच. माझ्या प्रत्येक बुटावर आहे. दादाच्या बुटावर स्वच्छ पॉलिश होतं. पुढचं टोक मात्र जमिनीला घासून आतलं कापड दिसेपर्यंत झिजलं होतं. बाबांच्या चपला अशाच झिजायच्या. त्याने पाय उचलला. गुडघा वर आला, पंजा खालीच लोंबत राहिला.

"बघ, हलतोय का लिव्हर?" तो म्हणाला.

मी त्याला उतरवलं आणि गाडी घेऊन निघालो. गल्लीतच दुसरा पडला. मग तिसरा, चौथा, पाचवा. एकदाही अडला नाही. इतके सुरेख गिअर पडणाऱ्या त्या गाडीचा मला संताप आला. एखादा तरी दात झिजलेला असायला काय हरकत होती?

परत आलो तर दादा ओट्यावर बसला होता. दुपारची सामसूम गल्ली, त्याला प्रत्येक गिअर ऐकू गेला असणार. मी शेजारी बसलो. एकदा इंदूरला दाखवून येऊ, एवढंच म्हणायचं होतं. वाक्य अगदी तोंडाशी आलं होतं.

दादाने माझ्याकडे बघितलं नाही. तो गाडीकडे बघत होता.

"आतलंच काही असेल," तो म्हणाला. "तू उतरव इंजन."

मी पान्यांची पिशवी परत उघडली.